दोन बाटल्यांची झाकणं

पेंटर आपल्या झिरो नंबरच्या, सगळ्यात बारीक ब्रशला कुणालाही हात लावू देत नसे. बायकोला नाही, ज्यांच्याकडे तो काम करतो त्या मॅडमना नाही. एकदा पाहणीला आलेल्या एका बड्या साहेबांनी "बघू हो जरा" म्हणून हात पुढे केला, तर त्यानं त्या हातात ब्रशऐवजी पाण्याची बाटली ठेवली होती. साहेबांना वाटलं, काय हे आदरातिथ्य!

उभं आयुष्य त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं. शिंपी, न्हावी, औषधवाला, सायकलवाला, ज्याला जशी हवी तशी अक्षरं, सावली देऊन, कडा मारून. मग छापील फ्लेक्स आले. त्याच्या पाट्यांवर एकेक करून फ्लेक्स चढले आणि पेंटर घरी बसला. त्या छापणाऱ्या मशीनला त्यानं अजून माफ केलेलं नाही. रस्त्यात फ्लेक्स दिसला की तो तोंड फिरवतो. हल्ली फ्लेक्स दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याची मान कायम दुखते, असं त्याची बायको सांगते.

बायको नर्स होती. निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते, पेंटरसुद्धा. नोकरीत असताना ती कधी वेळेवर घरी आली असेल तर शपथ. विचारलं की उत्तर ठरलेलं, "रिलीव्हर आली नव्हती. ती आल्याशिवाय वॉर्ड सोडता येतो का?" मग भात पेंटरच लावायचा आणि पुढच्या पाळीच्या, कधी न पाहिलेल्या त्या रिलीव्हरच्या नावानं बोटं मोडायचा.

माळावरचं काम त्याला असंच योगायोगानं मिळालं. शहराच्या कडेला एक मोठा गवताळ माळ आहे, आणि माळाच्या तोंडाशी जुन्या पंपघरात मॅडमचं केंद्र आहे. मॅडम वनस्पतींच्या डॉक्टर. माळावरची मूळची गवतं, फुलझाडं, त्यांच्यावर येणाऱ्या माश्या, भुंगे, फुलपाखरं यांचा अभ्यास करायचा आणि जे उरलंय ते जपायचं, हे त्यांचं काम. केंद्राची पाटी रंगवायला त्यांनी पेंटरला बोलावलं. तो अक्षरं काढत होता आणि मॅडम अक्षरांकडे न बघता त्याच्या मनगटाकडे बघत उभ्या होत्या.

"काका, तुमचा हात जरासुद्धा हलत नाही हो?"

"हलला तर धंदा बसला," पेंटर म्हणाला, आणि धंदा तसाही बसलाय हे आठवून पुन्हा अक्षराकडे वळला.

"उद्या या. अशाच बारीक हाताचं काम आहे."

काम होतं निळ्या घंटीचं. हे माळावरचं मूळचं फूल, निळंभोर, लटकत्या घंटीसारखं, आणि गळा इतका अरुंद आणि खोल की साध्या मधमाशीची जीभ तळापर्यंत पोचतच नाही. ज्या माशीची पोचायची, ती काळी, केसाळ, पोटावर तांबडा पट्टा असलेली. मॅडम तिचं एक लांबलचक शास्त्रीय नाव घेत. पेंटरनं तिचं नाव परस्पर 'पट्टेवाली' ठेवून टाकलं. आजूबाजूची जमीन नांगरली गेली, बांधकामं उठली, आणि पट्टेवाली दिसेनाशी झाली. तिच्यामागोमाग घंटीही चालली होती. आता ती दोनच ठिकाणी उरली होती, ओढ्याकाठी आणि टेकडीवर.

"आणि गंमत म्हणजे," मॅडमनी त्याला समजावलं होतं, "टेकडीवरची सगळी झाडं एकाच मुळाचे फुटवे आहेत. ओढ्याकाठची दुसऱ्या एका मुळाचे. एका घरातला पराग त्याच घरात चालत नाही. टेकडीच्या फुलाला ओढ्याचाच पराग लागतो आणि ओढ्याच्या फुलाला टेकडीचा. नाहीतर बी धरतच नाही."

"म्हणजे फारच मानी झाड आहे."

"तुमच्यासारखं," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून दर मोसमात पेंटर माशीचं काम करू लागला. ओढ्याकाठची घंटी आधी फुलायची, टेकडीवरची मागून; ओढ्याकाठची उशिरा आलेली चार फुलं तेवढी टेकडीच्या बहरापर्यंत टिकायची. त्यामुळे दोन्हीकडचा पराग दोन बाटल्यांत भरून पंपघराच्या फ्रिजमध्ये जपून ठेवायला लागे. टेकडीचा तर पुढच्या वर्षापर्यंत. बाटल्या सिस्टरनं दिलेल्या, औषधाच्या, बोटभर उंचीच्या, तपकिरी काचेच्या. ओढ्याच्या बाटलीला निळं झाकण, टेकडीच्या बाटलीला पिवळं. ब्रशचं टोक परागात बुडवायचं, गुडघे टेकायचे, फुलाची हनुवटी दोन बोटांनी वर करायची आणि आतल्या चिकट टोकाला हलकेच टिपका द्यायचा. सुरुवातीला काही फुलं मॅडम मुद्दाम ब्रश न लावता सोडत, माशी येते का ते बघायला. त्यांतल्या एकालाही कधी बोंड धरलं नाही. शेवटी मॅडमनी तो प्रयोग बंद केला. इतक्या थोड्या फुलांतली वाया कशाला घालवायची?

मॅडम जाहीर सांगायच्या, "ही घंटी पेंटरकाकांच्या हातावर जगलीय." असं ऐकलं की पेंटर खाली बघून चपलेचा अंगठा तपासायचा, आणि घरी येऊन ते वाक्य सिस्टरला तिखटमीठ लावून सांगायचा.

या वर्षी मात्र हातावर नेहमीपेक्षा जास्त भार होता. माळाच्या कुंपणाला लागून एक मोठं ओसाड मैदान होतं. नगरपालिकेच्या समितीपुढे दोन प्रस्ताव होते. एक, ठेकेदाराकडून गुंडाळीतली तयार हिरवळ अंथरून बाकडी टाकायची. दुसरा मॅडमचा, तिथे माळाचीच गवतं आणि फुलं पेरायची. समितीच्या बाईंना निळ्या घंटीचा फोटो पाहून भुरळ पडली होती. त्या म्हणाल्या, "हे फूल तिथे लावणार असाल तर मैदान तुमचं. पण हिवाळा संपायच्या आत बी हातात दाखवा." ओढ्याकाठी झाडं उरली होती मोजकीच, तिथलं बी जेमतेम तिथल्याच पेरणीला पुरायचं. मैदानासाठी बी मिळणार होतं ते टेकडीवरून.

तर अशा या वर्षी पेंटरला झाकणांचा रंग उडालेला दिसला.

फ्रिजच्या ओलीनं दोन्ही झाकणांचे पोपडे निघाले होते. दुसऱ्या कुणी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण पेंटरला उडालेला रंग बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेला तरी दाराच्या कोपऱ्यातला टवका त्याला चैन पडू देत नाही. टेकडीवर पहिल्या कळ्या उमलायच्या आदल्या दिवशी त्यानं दोन्ही झाकणं काढली, बाटल्यांच्या तोंडाला फडकी बांधली, झाकणं घासूनपुसून त्यांना नवा रंग दिला, काठाला बारीक पांढरी रेघसुद्धा ओढली, आणि खिडकीत वाळत ठेवली. वाळल्यावर परत लावली. लांबून पाहिली. स्वतःवरच खूश झाला. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "वा काका, झाकणं आहेत की दागिने!"

मग टेकडीचा बहर आला आणि गेला. पेंटरनं एक फूल सोडलं नाही. सकाळी दव सुकलं की गुडघ्यांना कापड बांधून तो चढायचा आणि उन्हं तापेपर्यंत टिपके देत बसायचा. शेवटच्या दिवशी त्यानं सुकत चाललेल्या फुलांतून पुढच्या वर्षासाठी पराग झाडून घेतला, पंपघरात आला, आणि तो भरून ठेवायला पिवळ्या झाकणाची बाटली उघडली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

टेकडीच्या बाटलीत गेल्या वर्षीचा तळाला राहिलेलाच पराग असायला हवा होता. गळ्यापर्यंत भरलेली होती ती ओढ्याची, या वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं भरलेली. त्यानं निळ्या झाकणाची बाटली उघडली. ती जवळजवळ रिकामी. पेंटर खाली बसला. झाकणं रंगवताना त्याचं सगळं लक्ष रंगात होतं. कोणतं कोणत्या बाटलीचं, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. आणि ब्रशचं टोक माखलं की पुरे, आत किती उरलंय ते मोसमभर त्यानं डोकावून बघितलं नव्हतं. टेकडीच्या प्रत्येक फुलाला त्यानं टेकडीचाच पराग लावला होता. असा की त्यातून एक दाणासुद्धा धरणार नव्हता. आणि फुलं तर आता माना टाकून बसली होती.

पेंटर घरी आला. सिस्टरनं चहा दिला, तो त्यानं थंड करून परत दिला. तिनं कपाळाला हात लावून बघितला, नाडी बघितली.

"ताप नाही. मग काय झालंय ते तोंडानं सांगा."

त्यानं सांगितलं. "मैदान गेलं, सिस्टर. माझ्या नटव्या झाकणांपायी गेलं. आणि ती पोर म्हणते, घंटी माझ्या हातावर जगलीय!"

सिस्टर हसली नाही, हे तिचे उपकार. "वॉर्डात चुकीचं औषध गेलं तर आम्ही काय करायचो माहितीय? आधी डॉक्टरांना सांगायचो. रडणं-बिडणं नंतर."

"उद्या सांगतो."

उद्या म्हणता म्हणता दिवस गेले. पेंटर तीन-तीनदा मॅडमच्या टेबलापाशी जायचा आणि "पंखा पुसू का?" असं काहीतरी विचारून परत यायचा. मॅडम मैदानाचा नकाशा रंगीत पेन्सिलींनी भरत बसलेल्या असत. इथे उंच गवत, इथे बुटकं, आणि मधोमध एक लांबट निळा पट्टा. "काका, हा निळा बरोबर वाटतोय का हो?" त्या विचारत. पेंटरला तो निळा बघवत नसे. पंखा मात्र त्या दिवसांत इतका चकचकीत कधीच नव्हता.

शेवटी एका सकाळी मॅडमच पिशवी खांद्याला अडकवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "चला, टेकडीवर जाऊ. बोंडं धरली असतील एव्हाना."

अर्ध्या चढावर पेंटर थांबला. गवत कमरेपर्यंत आलं होतं, त्यावर पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती.

"मॅडम, वर काही नाहीये."

"म्हणजे?"

मग त्यानं सगळं सांगितलं. झाकणं, खिडकी, पांढरी रेघ, गळ्यापर्यंत भरलेली बाटली. मॅडम एका दगडावर बसल्या. बराच वेळ गवताची काडी मोडत राहिल्या.

"मला राग आलाय, काका," त्या म्हणाल्या. "चूक झाली याचा नाही. ती मीसुद्धा केली असती. पण तेव्हाच सांगितलं असतंत तर मी समितीकडे वर्षभराची मुदत मागितली असती. आता त्यांची बैठक तोंडावर आलीय."

"तुम्ही म्हणाल ते मान्य आहे. उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी."

"उगाच काहीतरी बोलू नका." त्या उठल्या. "आलोच आहोत तर वरपर्यंत जाऊ."

वर गेल्यावर पहिल्याच झाडापाशी मॅडम वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. पेंटरला वाटलं, बाईंना रडू आलं. तो घाईनं पुढे झाला. मॅडमच्या दोन बोटांत एक बोंड होतं. टपोरं, हिरवंगार, दाबलं तरी न दबणारं. शेजारच्या फांदीवर आणखी तीन. पुढच्या झाडावर काही वाळून गळलेली, पण काही अशीच भरलेली. दोघं या झाडावरून त्या झाडावर धावू लागली. मॅडमनी नखानं एक बोंड उकललं. आत दाटीवाटीनं बसलेले पांढरे, कोवळे दाणे होते.

"अहो काका!" मॅडम इतक्या मोठ्यानं ओरडल्या की गवतातून दोन पाखरं उडाली. "बी धरलंय की! तुमची चूकबीक काही झालेली नाही. बाटल्या बरोबरच होत्या. उगाच जिवाला घोर लावून घेतलात, आणि माझंही रक्त आटवलंत!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी पेंटरनं नुसती मान डोलावली असती, तर सगळं मिटलं असतं. मैदान मिळालं असतं, हाताचं नाव राहिलं असतं, पुढच्या मोसमातही गुडघ्यांना कापड बांधून टेकडी चढता आली असती. त्याच्या मनात हे सगळं येऊन गेलं. पण डोळ्यांसमोर ती गळ्यापर्यंत भरलेली बाटली होती.

"नाही मॅडम. चूक झालीय."

"काका, बोंड तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

"असू दे. मी चुकलोय. शंभर टक्के चुकलोय. चला खाली, बाटल्या दाखवतो. मी ओढ्याचा पराग यांना लावलाच नाही, तो सगळाच्या सगळा फ्रिजमध्ये आहे."

"मग ही बोंडं आली कुठून?"

"ते तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगा!"

भर उन्हात टेकडीवर दोघं भांडत उभी होती. मॅडम त्याला निर्दोष ठरवायला बघत होत्या आणि पेंटर हातवारे करून आपण कसे गाढव आहोत हे पटवून देत होता. असं भांडण त्या माळानं पूर्वी कधी ऐकलं नसेल. मग बोलता बोलता मॅडम एकदम थांबल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"काका. तुम्ही खरंच चुकला असाल, तर..."

"तर?"

"तर ओढ्याचा पराग इथे दुसऱ्या कुणीतरी आणलाय."

अजून फुलं असलेली झाडं कुठे सापडतील, ते पेंटरला ठाऊक होतं.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, एका मोठ्या खडकामागे ऊन कमी पोचतं. तिथली दोन झाडं दरवर्षी सगळ्यांच्या मागून फुलायची; यंदा पेंटर तिकडे फिरकलाच नव्हता. आजही त्यांच्यावर पाच-सहा निळ्या घंट्या लटकत होत्या. दोघं खडकाला टेकून बसली. मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं, त्याची काही गरज नव्हती. पेंटर श्वाससुद्धा बेतानं घेत होता. एक साधी मधमाशी आली, गळ्यात डोकावली, हात हलवत गेली. एक भुंगा आला, त्यानं फुलाला बाहेरूनच धडक दिली. एक मुंगी चढली, उतरली, पुन्हा चढली. ऊन सरकत त्यांच्या पायांवर आलं. मॅडमच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग घुमणारा एक जाड आवाज आला. आधी उजवीकडून, मग अगदी कानाशी. काळी, केसाळ, चांगली अंगठ्याच्या पेराएवढी. ती घंटीखाली आली, उलटी लटकली, पायांनी फुलाची कड धरली आणि आत शिरली. बाहेर फक्त पोट राहिलं. त्यावर तांबडा पट्टा होता.

मॅडमनी पेंटरचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

पेंटर मात्र कारागिराच्या नजरेनं बघत होता. माशी बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर पिवळी पूड होती. ती पुढच्या फुलात गेली, पाठ नेमकी आतल्या चिकट टोकाला घासली, मागे फिरली. टिपका जिथे द्यायचा तिथेच, तेवढाच. एक फूल व्हायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पेंटरचे गुडघेसुद्धा टेकून झाले नसते.

"काय हात आहे," तो पुटपुटला. "आणि ब्रश न धुता."

माशी गेली तेव्हा दोघं हसत सुटली. हसता हसता मॅडम म्हणाल्या, "काका, हा प्रयोग करायची माझी कधी हिंमत झाली नसती. सगळीच्या सगळी फुलं माशीच्या भरवशावर सोडायची! तुम्ही झाकणं रंगवली म्हणून कळलं. नाहीतर ती येत राहिली असती, आणि आपण सगळं श्रेय तुमच्या ब्रशला देत बसलो असतो."

"म्हणजे पुढच्या वर्षी..." पेंटरनं विचारलं.

मॅडमनी पिशवी खांद्याला अडकवली. "पुढच्या वर्षी ब्रश नाही लावायचा. तिला करू द्यायचं."

हे वाक्य पेंटरनं आयुष्यात एकदा ऐकलं होतं, दुसऱ्या शब्दांत, दुकानदारांकडून. त्यानं त्या जुन्या रागाची वाट पाहिली. राग आला नाही. माशी गेली त्या दिशेला तो बघत राहिला, आणि चेहरा आपोआप हसरा होत गेला.

"मात्र मैदानाच्या पाटीचं काय करायचं?" मॅडम म्हणाल्या. "समितीच्या बाई म्हणत होत्या, फ्लेक्स छापून..."

"मॅडम!"

"गंमत केली हो, काका. पाटी तुम्हीच रंगवायची."

संध्याकाळी पेंटर घरी आला. सिस्टर दारातच होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि आज नाडी बघायची गरज नाही हे तिला कळलं. तो आत गेला, झिरो नंबरचा ब्रश खिशातून काढला, साबणानं धुतला, केसांना दोन बोटांनी टोक काढलं आणि प्रथमच तो तिच्या हातात दिला.

"हे काय? मला कशाला?"

"ठेव कपाटात. पाटीला मोठे ब्रश लागतात, कोपऱ्यात पट्टेवालीचं चित्र काढायच्या वेळी हा मागून घेईन. टेकडीवरचं काम संपलं."

"सांगितलंत ना मॅडमना? काढून टाकलं त्यांनी?"

"काढलं कुठे."

"मग सोडून आलात? आणि वर हसताय?"

पेंटर खुर्चीत बसला, दुखणारे गुडघे लांब केले आणि जिच्या नावानं त्यानं जन्मभर बोटं मोडली होती, तिचं नाव आज पहिल्यांदा मायेनं घेतलं.

"सुटलो, सिस्टर," तो म्हणाला. "रिलीव्हर आली."